सक्तीचं समुपदेशन: आधार की आणखी एक ड्यूटी?

रात्रपाळी:
मी नर्स आहे. मोठी दुर्घटना झाली, जखमींची रीघ लागली. तिसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर आम्हाला हॉलमध्ये गोल करून बसवलं आणि प्रत्येकीला विचारलं, 'काय पाहिलंत, काय वाटलं?' मला फक्त झोप हवी होती. शेजारच्या मुलीने जे सांगितलं ते मी पाहिलेलंच नव्हतं. आता ते माझ्याही डोळ्यांपुढे येतं.

ही पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली आपत्कालीन सेवांतल्या लोकांसाठी मांडली. पुढे १९९७ मध्ये भाजलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. तेरा महिन्यांनी पाहिलं तर असं सत्र दिलेल्यांपैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर तणावाचा आजार होता, न दिलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. मग सक्ती कशाला?

उंबरठा:
आकडे अर्धेच सांगितलेत. त्या अभ्यासात ज्यांना सत्र मिळालं ते मुळातच जास्त भाजलेले होते. शिवाय ते रुग्ण होते, एकेकटे किंवा जोडीदारासोबत बसवलेले. मिचेल यांची पद्धत एकत्र काम करणाऱ्या गटासाठी आहे. तिला या निकालाने नापास कसं करता?

आणि ऐच्छिक ठेवलं की काय होतं ते मी इन्चार्ज म्हणून पाहिलंय. कोणी येत नाही. जी जाईल ती 'कच्ची' ठरते. सगळ्यांना बोलावलं की निदान कोणाकडे बोट दाखवलं जात नाही.

रात्रपाळी:
रुग्णांचा मुद्दा मान्य, घाईत लिहिलं. पण एकाच सत्रावर भागवण्याच्या पद्धतीचे एकूण अभ्यास तपासणाऱ्या कोक्रेन या संशोधन संस्थेच्या २००२च्या आढाव्यानेही सक्ती थांबवावी असंच म्हटलंय. लाज वाटू नये म्हणून सगळ्यांनाच बोलायला लावायचं, हा कुठला उपाय?

शिट्टी:
तुमचं भांडण चालू द्या, पण तुम्हाला निदान हॉल तरी मिळाला! मी स्वयंसेवक. पाच दिवस ढिगाऱ्यावर होतो. सहाव्या दिवशी सामान परत केलं, वहीत सही केली, घरी. त्यानंतर एक फोन नाही. घरचे म्हणतात, 'तू स्वतःहून गेला होतास ना?' ना हजेरीपट, ना रजा, ना वरिष्ठ. मला सत्र सक्तीचं असतं तर मी कुरकुरत का होईना, गेलो असतो.

उंबरठा:
शिट्टी, नेमकं हेच म्हणते मी.

रात्रपाळी:
नाही हो, ते वेगळं म्हणतायत. त्यांना कोणीतरी विचारपूस करायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका तेच सांगते: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. बोलायला भाग पाडू नका. मदत करणाऱ्यांनी स्वतःची आणि सहकाऱ्यांची काळजी कशी घ्यावी, यावरही तिच्यात वेगळा भाग आहे.

सक्ती करायचीच तर विश्रांतीची करा. सलग सतरा तास जागा माणूस थोडी दारू प्यायल्यासारखा चुकतो, हे प्रयोगांत दिसलंय. अशा माणसाला भावना विचारण्याआधी घरी सोडा. महिन्याभराने पुन्हा विचारा. झोप उडालीय, चिडचिड थांबत नाही असं दिसलं तर तज्ज्ञाकडे पाठवा.

उंबरठा:
विश्रांतीला विरोध नाही. पण बदली माणूस कुठून आणू? निम्मा स्टाफ घरी पाठवला तर उरलेल्या निम्म्यांचं काय? सत्राला तास लागतो, रजेला माणूस लागतो. म्हणून सगळे सत्र घेतात. हे चांगलं आहे असं नाही म्हणत, असं होतं एवढंच.

रात्रपाळी:
हे पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोललं.

शिट्टी:
एक विचारू? त्या हॉलमध्ये शवागारातले मामा होते का? मृतदेह उचलायला आमच्याबरोबर तेच होते.

उंबरठा:
नव्हते. यादी मीच केली होती.