जुन्या मागाची ड्रॉइंग आणि झिजलेले पार्ट: लेझरला, फौंड्रीला चालेल अशी फाइल कशी करायची?

धोटेवाला:
साध्या यंत्रमागाचे, म्हणजे जुन्या लँकेशायर धर्तीच्या मागाचे, काही सुटे भाग नव्याने करायचे आहेत. हाताशी आहे ते असं: ब्रॅकेट आणि पट्ट्यांचे ए-२ आकाराचे अमोनिया प्रिंट (ड्रॉइंगच्या जुन्या पद्धतीच्या नकला), स्केल १:२, काही मापं इंचात तर काही मिलिमीटरमध्ये. ६ मिमी पट्टीचा एक चपटा लिव्हर, त्याचं ड्रॉइंगच नाही. बिडाचा एक लिव्हर, दोन बॉस (बोअर असलेले जाड गोल भाग) आणि मध्ये बाकदार हात. २४ दातांचा गिअर. आणि टॅपेट, म्हणजे वई (ताण्याचे धागे उचलणारी चौकट) हलवणारा कॅम.

ड्रॉइंग ३०० डीपीआयला स्कॅन करून जेपेगमध्ये घेतली, इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप करून डीएक्सएफ (लेझरला लागणारी रेषांची कॅड फाइल) काढली. लेझरवाल्याने परत पाठवली: प्रत्येक रेष दुहेरी, गोल भोकं बटाट्यासारखी, आणि त्याच्या मशीनवर पार्ट भलत्याच मापाचा उघडतो. बिडाच्या लिव्हरची थ्रीडी स्कॅनची एसटीएल आहे. मशीन शॉपला स्टेप (सॉलिड मॉडेलची कॅड फाइल) पाहिजे. बदलून दिली तर इतकी जड की उघडतच नाही. सुरुवात कुठून करू?

रेघोट्या:
ड्रॉइंगपुरतं सांगतो. ट्रेस करणं सोडा, चित्र खाली ठेवून वरून नव्याने काढा.

कारण साधं आहे. ट्रेस बिटमॅप रेष शोधत नाही, काळ्या डागाची कड शोधतं. ३०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०८५ मिमीचा, म्हणजे ०.५ मिमीची शाईची रेष सहा पिक्सेल जाड डाग. डागाला दोन कडा, म्हणून दोन रेषा, आणि लेझर दोन्ही कापणार. इंकस्केप १.० पासून सेंटरलाइन ट्रेस आहे, त्याने रेष एकेरी येते. पण जिथे दोन रेषा मिळतात तिथे कोपरा ओढला जातो, आणि मापाचे आकडे, बाण, सेंटरलाइन सगळं कटिंगमध्ये शिरतं. त्यातून तुमचं स्केल १:२. कागदावरची ०.५ मिमीची रेष म्हणजे प्रत्यक्ष जॉबवर १ मिमी. चित्रावरून भोकाची जागा मोजण्यात अर्थ नाही. माप लिहिलेल्या आकड्यातूनच घ्यायचं, चित्र फक्त आकार कसा आहे ते सांगायला.

पुन्हा स्कॅन करा, ग्रेस्केल, टिफ किंवा पीएनजी. जेपेगमध्ये रेषेच्या कडेला करडी धूळ येते. ए-२ कागद ए-४ च्या काचेवर तुकड्यांनी स्कॅन करून जोडू नका. आर्किटेक्टचे प्लॅन काढून देणाऱ्या दुकानात मोठा रोलर स्कॅनर असतो. मोबाईलचा फोटो नकोच. स्कॅनिंगचं ॲप कागदाचे चार कोपरे चौकोनात बसवतं, पण लांबी-रुंदीचं गुणोत्तर अंदाजाने ठरवतं.

आता कागद. अमोनिया प्रिंट वर्षानुवर्षांत आकसतो, आणि दोन्ही दिशांना सारखा आकसत नाही. रोलरवर कागद घसरला तर त्याची चूक वेगळी, तीही एकाच दिशेने. म्हणून आडवं आणि उभं स्केल वेगवेगळं काढा. समजा आडवं लिहिलेलं माप ४८० आणि स्कॅनवर २३८.९ भरतं, तर गुणक २.००९२. उभं ३२० आणि स्कॅनवर १५९.६, तर २.००५०. दोन्हीकडे सर्वांत लांब माप निवडा. चित्र आधी सरळ करा, मग जिंपमध्ये दोन्ही दिशांना वेगवेगळं ताणून घ्या, तेव्हाच लिब्रेकॅड किंवा ऑटोकॅडमध्ये आणा आणि वेगळ्या लेयरवर कुलूपबंद करा.

काढताना आधी सेंटरलाइन, मग भोकं, मग बाहेरची कड. इंचाची मापं अपूर्णांकातच वाचा: ११/१६ इंच म्हणजे १७.४६, ७/८ म्हणजे २२.२२५. जुन्या प्रिंटवर ३ आणि ८ यांत गल्लत होते, म्हणून साखळी मापांची बेरीज एकूण मापाशी जुळते का ते बघा. भोक म्हणजे वर्तुळच पाहिजे, वर्तुळासारखी स्प्लाइन (बिंदूंमधून नेलेली मोकळी वक्ररेषा) नाही. त्रिज्या आणि रेष यांचा स्पर्श खरा हवा, ०.०२ मिमीची फट राहिली तरी कड बंद होत नाही. शेवटी दुहेरी रेषा काढून टाका (ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल), कड जोडून बंद पॉलिलाइन करा, मापं आणि मजकूर उडवा.

मापाची भानगड ओळखायला एक भागाकार पुरतो. मशीनवर दिसणारं माप भागिले खरं माप. २५.४ किंवा ०.०३९४ आलं तर इंच-मिलिमीटरचा घोळ. ३.७८ आलं तर पिक्सेल मिलिमीटर समजले गेलेत. १.०६७ किंवा ०.९३७५ आलं तर इंकस्केपच्या ०.९२ च्या आधीची ९० पिक्सेलवाली आणि नंतरची ९६ पिक्सेलवाली फाइल एकमेकांत मिसळली आहे. नुसतं ०.५ आलं तर १:२ विसरलात.

काचेवर ठेवा:
चपट्या लिव्हरला मात्र ट्रेसिंग चालतं, आणि साधा फ्लॅटबेड पुरतो. वरच्यांनी सरसकट ट्रेस सोडा म्हटलंय, ते ड्रॉइंगला खरं. बाहेरची मोकळी वळणं ज्यांना कुठेच त्रिज्या लिहिलेली नाही, ती कुठून तरी उचलावीच लागतात.

स्कॅनर कोणता ते बघा. पातळ, यूएसबीवर चालणाऱ्या स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो, तो काचेला टेकलेलंच स्पष्ट दाखवतो. कड झिजून वर उचललेली असेल तर धूसर येते. जुन्या जाड सीसीडी स्कॅनरला काही मिलिमीटर खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं. पण सीसीडीमध्ये काचेच्या बाजूला ठेवलेल्या पार्टची उभी भिंतही दिसते आणि कड जाड वाटते, म्हणून पार्ट मधोमध ठेवा. ज्या बाजूची कड धारदार आहे ती खाली. काचेवर पातळ पारदर्शक फिल्म टाका, नाहीतर ओरखडे पडतात. वरून पांढरा कागद, झाकण उघडं. पट्टी चकाकत असेल तर निळी शाई फासा.

शेजारी स्टीलची पट्टी एकदा आडवी, एकदा उभी. ६०० डीपीआयला २०० मिमी म्हणजे ४७२४ पिक्सेल भरले पाहिजेत. कमी-जास्त आलं तर त्या दिशेला तेवढी दुरुस्ती.

भोकं ट्रेसमधून कधीच घेऊ नका. व्हर्नियरने व्यास मोजा, दोन भोकांच्या आतल्या कडा मोजा, त्यात दोन्हींची त्रिज्या मिळवली की सेंटर अंतर आलं. ट्रेसवर ती वर्तुळं बसवा आणि बाहेरच्या कडेवर स्वतः तीन-चार कंस लावा. ट्रेसमधून दोनशे नोड आले आणि तेच पाठवले तर मशीन प्रत्येक नोडपाशी वेग कमी करतं, कड दातेरी येते. फाइल झाली की १:१ प्रिंट काढून पार्ट त्यावर ठेवा. प्रिंटरमध्ये 'फिट टू पेज' बंद आहे ना, ते आधी.

साचेकर:
बिडाच्या लिव्हरचं. एसटीएल म्हणजे नुसते त्रिकोण, त्यात सपाटी, बोअर, त्रिज्या अशी काही ओळखच नसते; एककसुद्धा नसतं. ती थेट स्टेपमध्ये बदलली की प्रत्येक त्रिकोणाचा एक फेस होतो. लाखभर फेसची स्टेप कुठलंही मशीन शॉप उघडत बसणार नाही. एसटीएल खाली ठेवून सॉलिड नव्याने बांधावं लागतं. वरच्या ड्रॉइंगसारखंच.

शक्य असेल तर स्कॅन परत करून घ्या आणि त्याआधी दोन्ही बोअरमध्ये घट्ट बसतील अशा ग्राइंड केलेल्या पिना घाला, १५-२० मिमी बाहेर राहतील अशा. स्कॅनरला खोल बोअरच्या आत दिसत नाही. पिनेवरून अक्ष नेमका मिळतो. काळं, तेलकट बीड नीट दिसत नाही, म्हणून तेल धुऊन पांढरा मॅट स्प्रे. वेल्डिंगच्या डाय पेनिट्रंट टेस्टचा डेव्हलपर चालतो, पातळ मारा.

मग आधी जाळी (एसटीएलमधले त्रिकोण) सरळ करा: बॉसचा मशीन केलेला फेस एक्स-वाय प्रतलावर, मोठ्या बोअरचा अक्ष झेडवर, दुसरं बोअर एक्सवर. हे टाळून पुढे गेलात तर प्रत्येक स्केच तिरकं येईल. फ्रीकॅडच्या मेश वर्कबेंचमध्ये क्रॉस-सेक्शन आहे, त्याने हातावर दर १० मिमीला काप घ्या, त्यावर स्वच्छ स्केच काढा, लॉफ्ट करा (काप जोडून सॉलिड). बॉस सरळ सिलिंडर. फिलेट (कोपऱ्यांची गोलाई) सगळ्यात शेवटी.

स्कॅनमध्ये ३१.८७ आलं की ते ३२ होतं की सव्वा इंच (३१.७५), हा प्रश्न जोडीदार पार्टवर सोडवायचा, स्कॅनवर नाही. झिजलेला फेस जसाच्या तसा घेऊ नका. न झिजलेल्या बाजूवरून पुढे वाढवा. बिडाच्या कच्च्या पृष्ठभागावर मॉडेल आणि जाळीत अर्धा मिलिमीटर फरक राहिला तरी बिघडत नाही. तिथे जास्त कोरत बसू नका. सेंटर अंतर आणि दोन बोअरची समांतरता मात्र पक्की हवी.

फौंड्रीसाठी दुसरी फाइल करा. मशीन होणाऱ्या फेसवर २ ते ३ मिमी जादा, उभ्या भिंतींना १ ते २ अंश ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून निघावा म्हणून उतार), आणि शेवटी सगळ्याला १.०१ ने गुणा, कारण ग्रे आयर्न थंड होताना साधारण १ टक्का आकसतं. २५० मिमीच्या हातावर ते अडीच मिमी होतात. लहान बोअर भरीवच ओतायचं, नंतर ड्रिल. पॅटर्नवाला स्वतः काँट्रॅक्शनची (आकुंचन धरून आखलेली) पट्टी वापरत असेल तर तो आणखी १ टक्का घालणार, म्हणून फाइलच्या नावातच लिहा: 'आकुंचन धरलं आहे' किंवा 'फिनिश माप'.

डीपी की मॉड्यूल:
गिअर स्कॅन करायची गरजच नाही. दात मोजा, बाहेरचा व्यास मोजा, व्यास भागिले (दात + २) म्हणजे मॉड्यूल, दाताच्या आकाराचं मिमीतलं माप. २४ दात आणि समजा १३१.६ मिमी भरलं, तर १३१.६ / २६ = ५.०६. याला मॉड्यूल ५ समजून केलात तर फसाल. ब्रिटिश माग म्हणजे डीपी ५ (पिच व्यासाच्या दर इंचाला ५ दात), मॉड्यूल ५.०८, नवा असताना १३२.०८. बाकीचं झिजलंय.

प्रेशर अँगल (दाताच्या बाजूचा कोन) हाही तपासा, जुन्यात साडेचौदा अंश असतो. व्हर्नियरचे जबडे ३ दातांवर लावून माप घ्या, मग २ दातांवर, वजाबाकी करा. डीपी ५ ला साडेचौदा अंशात १५.४५ येतं, २० अंशात १५.००. मॉड्यूल ५ ला १५.२१ आणि १४.७६. दात सारखेच झिजले असतील तर झीज वजाबाकीत निघून जाते, म्हणून हे माप भरवशाचं. ओतलेले, मशीन न केलेले दात असतील तर चार-पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढा. हा क्रँक शाफ्टचा गिअर असेल तर बॉटम शाफ्टवरचा ४८ दातांचा असणार, कारण बॉटम शाफ्ट अर्ध्या वेगाने फिरतो. दोन शाफ्टमधलं अंतर डीपी ५ ला १८२.८८, मॉड्यूल ५ ला १८० मिमी. फ्रेमवर मोजा, तिथे शंका फिटते. दात कॅडच्या गिअर टूलने काढा.

टॅपेटचं उलट. तिथे आकडे लिहिलेले नसतात आणि फ्लॅटबेडवर झिजलेली कडच येते. रोटरी टेबल किंवा डिव्हायडिंग हेडवर पक्कं धरा, डायल गेजच्या टोकाला ट्रेडलच्या बाऊलइतक्याच (बाऊल म्हणजे टॅपेटवर फिरणारा रोलर) व्यासाचा रोलर लावा, दर ५ अंशाला वाचन घ्या, ७२ वाचनं. त्यावरून बाऊलच्या सेंटरचा मार्ग मिळतो. कॅडमध्ये तो बाऊलच्या त्रिज्येइतका आत सरकवला की टॅपेटची कड. टोकदार गेजने घेतलेलं वाचन आणि रोलरने घेतलेलं एकच नसतं, चढावर तर बराच फरक पडतो. ड्वेलचा (वई स्थिर राहते तो) भाग अक्षाशी एककेंद्री असायला हवा. क्रँकची एक-तृतीयांश फेरी ड्वेल असेल तर टॅपेटवर ६० अंश. त्या पट्ट्यात वाचन ढळलं तर तेवढी झीज, तिथे कंस सरळ करा. एका टॅपेटवरून दुसरं उलटवून करू नका, मागच्या वईला उचल जास्त लागते.

धोटेवाला:
गिअरची वजाबाकी १५.४ आली, म्हणजे डीपी ५, साडेचौदा. आता ब्रॅकेट: ६ मिमी प्लेट, एक ७/८ चा बोअर आणि चार एम-८ चे आटे. भोकं लेझरनेच कापू का? आणि कर्फ (लेझरने कापताना जाणारी रुंदी) फाइलमध्ये धरायचा का?

रेघोट्या:
कर्फ धरू नका. ती भरपाई ऑपरेटर मशीनवर देतो. तुम्हीही दिलीत तर दोनदा होते. एम-८ ला ड्रिल ६.८, पण लेझरने ६.८ कापून थेट टॅप घालू नका. कापलेली कड कडक होते, भोक खाली किंचित निमुळतं असतं, टॅप मोडतो. त्या चार जागी वेगळ्या लेयरवर फक्त मार्किंगचा ठिपका द्या, ड्रिल नंतर. ७/८ चा बोअर २१ मिमीला कापा आणि २२.२२५ ला बोअर करून घ्या. डीएक्सएफ आर-१२ किंवा २००० मध्ये, एकक मिलिमीटर. सोबत मापांसह एक पीडीएफ, आणि फाइलच्या नावात जाडी, माल आणि नग.