‘एमिलिया’ कोण?

पायवाट : इटलीच्या प्रवासवर्णनाचा अनुवाद करतेय. ‘व्हिया एमिलिया’साठी ‘एमिलियाचा रस्ता’ लिहिलं. मुद्रितशोधक काकांनी समासात पेन्सिलीनं विचारलंय, ‘ही बाई कोण?’ बाई नाहीच! मार्कस एमिलियस लेपिडस या रोमच्या कॉन्सुलनं, म्हणजे निवडून आलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यानं, इ.स.पू. १८७मध्ये रिमिनीहून पिआचेन्झापर्यंत बांधलेला रस्ता. एमिलियस हे कुळाचं नाव. ‘एमिलीय मार्ग’ चालेल का?

जुनी वही : लॅटिनमध्ये कुळाचं नाव हेच विशेषण. ‘व्हिया’ स्त्रीलिंगी, म्हणून एमिलिया. रोममधल्या त्याच कुळाच्या नावाचा पूल मात्र ‘पोन्स एमिलियस’, कारण पोन्स पुल्लिंगी. काळा घोडा, काळी घोडी, तसंच.

चकवा : मग रस्ता सोडा, ‘एमिलिया वाट’ करा. लिंग जुळतं.

गडगा : वाट? त्यावरून फौजा जायच्या हो! आमच्याकडे वाट म्हणजे दोन गडग्यांमधली, दगडी कुंपणांमधली. समोरून गुरं आली की गडग्याला चिकटून उभं राहायचं.

शुद्धमती : ‘एमिलीय’च योग्य. पाणिनीय म्हणतोच की आपण.

गडगा : पाणिनीय व्याकरण असतं, रस्ता नसतो. कुळाच्या नावाला मराठी माणूस काय लावतो? शिंदेशाही पगडी, होळकरशाही.

शुद्धमती : ‘शाही’ फारसी. शिवाय त्यात सत्तेचा अर्थ आहे. लेपिडस राजा नव्हता.

जुनी वही : काहीही करा, ‘एमिलियन’ नको. ‘एमिलियानस’चा अर्थ निराळा. इ.स.पू. १४६मध्ये कार्थेज शहर पाडणारा रोमन सेनापती स्किपिओ जन्मानं एमिलियस पॉलसचा मुलगा. कॉर्नेलियस कुळातल्या स्किपिओंच्या घरी दत्तक गेला, कॉर्नेलियस झाला, पण जन्माचं कूळ ‘एमिलियानस’ असं नावाच्या शेवटी राहिलं.

चकवा : हे वाचून गलबललं. माझे आजोबा दत्तक गेले. सातबाऱ्यावर नवं आडनाव चढलं, जुनं कागदावर कुठेच नाही. सख्खी बहीण मात्र राखीच्या पाकिटावर शेवटपर्यंत जुनंच आडनाव लिहायची. पोस्टमन ओळखीचा, म्हणून पोचायचं.

शुद्धमती : त्या घराला शब्द आहे, ‘जनककुळ’.

चकवा : तो पोथीतला. आमच्याकडे ‘मूळ घर’ म्हणतात.

पायवाट : आणि माझा रस्ता? पान उद्या द्यायचंय.

जुनी वही : ‘व्हिया एमिलिया’ तसंच ठेवा. एमिलिया-रोमान्या या त्या प्रांताच्या आजच्या नावातलं ‘एमिलिया’ याच रस्त्यावरून आलंय. तळटीप द्या.

शुद्धमती : तळटीप म्हणजे अनुवादकानं हात टेकणं.

गडगा : चकवा, ती पाकिटं आहेत का अजून?