नवी फोर बाय फोर घेताना इंजिन कोणतं: टर्बो पेट्रोल, डिझेल की साधं पेट्रोल?

चिखलवाट
फोर बाय फोर घ्यायचं पक्कं झालंय, घोडं इंजिनावर अडलंय. तीन पर्याय आहेत: २.० लिटर टर्बो पेट्रोल, २.२ लिटर डिझेल, आणि एका लहान, हलक्या गाडीत १.५ लिटरचं बिनटर्बो पेट्रोल. रोजचा वापर ६-७ किलोमीटर जायला, तेवढाच यायला. महिन्यातून दोनदा चिखल आणि दगडगोट्यांची वाट. वर्षातून एकदा ४,००० मीटरच्या वरचे घाट. एकूण वर्षाला ९-१० हजार किलोमीटर. कॅटलॉगमध्ये टर्बो पेट्रोल आणि डिझेल, दोन्हींचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळाचा जोर, ३०० न्यूटन-मीटर दिलाय. मग फरक नेमका कुठे पडतो?

गिअरवेडा
३०० हा आकडा किती आरपीएमला मिळतो ते त्याच ओळीत पुढे छापलेलं असतं, ते आधी वाचा. त्या आरपीएमच्या खाली टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब पुरेसा तयार झालेला नसतो आणि २.० लिटरचं टर्बो पेट्रोल साध्या २.० लिटर इंजिनासारखंच ओढतं, किंबहुना कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असल्याने थोडं कमीच. दगडावर चाक चढवताना इंजिन ८०० ते १,३०० आरपीएममध्ये असतं, म्हणजे नेमकं त्याच पट्ट्यात. डिझेल तिथे बंद पडायला सहसा तयार नसतं. पेट्रोलला मॅन्युअल असेल तर हाफ क्लच करावा लागतो आणि क्लच प्लेट जळते.

पण इंजिनाच्या आधी गिअरिंगचा हिशेब करा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर × लो-रेंजचं (फोर-लो, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी जादा गिअरजोडी) × डिफरन्शियलचं (चाकांच्या धुरीवरच्या गिअरचं), याला क्रॉल रेशो म्हणतात; तो जितका जास्त, तितकी गाडी संथ आणि जोरकस रांगते. समजा ४.४ × २.५ × ३.७, म्हणजे साधारण ४०. टायरचा परीघ २.३ मीटर आणि आयडल ८०० आरपीएम धरलं तर चाक मिनिटाला २० वेळा फिरेल, ४६ मीटर जाईल. ताशी पावणेतीन किलोमीटर. ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी या वेगाने चढली किंवा उतरली पाहिजे. जिमनीची लो-रेंज साधारण २.० आहे आणि रँग्लर रुबिकॉनची ४.०, यावरून दोन गाड्यांच्या स्वभावातला फरक कळेल. अश्वशक्ती मोजून तो कळत नाही.

पुढे मोठे टायर टाकायचे असतील तर तेही आत्ताच धरा. ७३३ मिलिमीटर व्यासाच्या जागी ८०४ मिलिमीटरचे टायर आले की ४० चा क्रॉल रेशो ३६.५ वर येतो. डिझेलला हे पचतं, लहान पेट्रोलला फार जाणवतं.

एक पळवाट आहे: टर्बो पेट्रोल घ्यायचंच असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवालं (क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारं) ऑटोमॅटिक घ्या. गाडी जागेवर असताना कन्व्हर्टर टॉर्क दुपटीच्या आसपास वाढवतो, त्यामुळे टर्बो लागेपर्यंतची पोकळी झाकली जाते. टर्बो पेट्रोल आणि मॅन्युअल ही जोडी खडकाळ वाटेसाठी मी कुणालाच सुचवणार नाही.

तेलपाणी
वरचं सगळं मान्य, पण प्रश्नातली सर्वात महत्त्वाची ओळ सुटली: रोज ६-७ किलोमीटर.

आजच्या डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून त्याचं तापमान ५५०-६०० अंशांपर्यंत नेतं आणि काजळी जाळतं. याला सलग १५-२० मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. ७ किलोमीटरवर गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं. काही वेळा असं झालं की फिल्टरचा दिवा लागतो, मग इंजिनाची ताकद कमी केली जाते, आणि शेवटी वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावून जबरदस्तीने फिल्टर जाळावा लागतो. फोर-लोमध्ये तासन्‌तास रांगणंही याच पापात मोडतं, कारण एक्झॉस्ट तापतच नाही.

दुसरं नुकसान दिसत नाही. ज्या गाड्यांत हे जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच सोडलं जातं, तिथे त्यातलं काही रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ते पातळ झालंय. खुणेच्या वर गेलं तर ऑइल बदला. भरताना कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच भरा. चुकीच्या ऑइलची राख डीपीएफमध्ये बसते आणि ती जळत नाही.

फिल्टर जळत असल्याची लक्षणं: आयडल थोडं वर जातं, पंखा थांबत नाही, मायलेज अचानक घसरलेलं दिसतं, गरम वास येतो. अशा वेळी इंजिन बंद करू नका. आणि सुक्या गवतावर तर गाडी अजिबात उभी करू नका, खाली आग लागू शकते.

पेट्रोलही साधं नाही. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, म्हणून व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि कार्बन साचतो. शिवाय त्याला टर्बोही असेल आणि वरच्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर मिश्रण वेळेआधी पेटून ठोका बसू शकतो, पिस्टन फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. गिअर खाली घ्या, आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जाडीचं वापरा.

तुमच्या वापराला माझं मत पेट्रोल.

उंचवटा
घाटांबद्दल थोडं. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६१ टक्क्यांच्या आसपास असतो. बिनटर्बो इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात उतरते, १०० अश्वशक्तीचे साठच्या घरात उरतात. गाडी हलकी असली तरी भरल्या सामानानिशी वरच्या वळणांवर पहिला गिअर सुटणार नाही. टर्बो बरीच तूट भरून काढतो.

कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो, त्यामुळे तिथल्याच भागात मिळणारं हिवाळी डिझेल भरून घ्यावं. गाडीला ॲडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागत असेल तर ते उणे ११ अंशांना गोठतं. टाकीत हीटर असतो, पण मागे ठेवलेल्या कॅनचा दगड होतो.

आणि पाण्यात डिझेल बरं, ही समजूत आता सोडून द्या. डिझेलला स्पार्क प्लग नाही हे खरं, पण कॉमन रेलचा (आजच्या डिझेलमधल्या इंधन फवारणीच्या यंत्रणेचा) सगळा कारभार सेन्सरवरच चालतो. उलट कॉम्प्रेशन १५-१६ पट असल्याने सिलिंडरच्या डोक्यात जागा कमी उरते, थोडं पाणी शिरलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. तिन्ही गाड्यांत एअर इनटेकचं तोंड किती उंचीवर आहे ते बॉनेट उघडून टेपने मोजा.

चिखलवाट
म्हणजे टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिककडे कल होतोय. पण उताराचं काय? ऑटोमॅटिकमध्ये इंजिन ब्रेकिंग मिळतं का? आणि टेस्ट ड्राइव्हला काय तपासू?

गिअरवेडा
फोर-लोमध्ये पहिला गिअर हाताने धरून ठेवता येत असेल तर मिळतं, पण मॅन्युअलइतकं घट्ट नाही. कन्व्हर्टर थोडा घसरतो. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय) चालतं ते ब्रेकवर. लांब उतारावर ब्रेक तापतात, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

टेस्ट ड्राइव्हला सपाट रस्ता दाखवतील, तो नाकारा. सैल खडीचा चढ मागा. मध्यावर थांबा, फोर-लो टाका, ब्रेक सोडा आणि आयडलवर गाडी काय करते ते पाहा. मग पाय अगदी हळू दाबा: ओढ सरळ वाढते का, की आधी काहीच नाही आणि मग एकदम उसळी? उसळी आली की खडीवर चाक फिरतं आणि पकड जाते. मग तोच चढ लो-पहिल्यात उतरा, ब्रेकला पाय न लावता.

गिअरबॉक्स ऑइलला वेगळा कूलर आहे का आणि तापमान पडद्यावर दिसतं का, तेही विचारा. वाळूत आणि चिखलात ऑटोमॅटिक मरतं ते बहुतेक ऑइल तापल्याने. हाय-रेंजमध्ये रेटत बसण्यापेक्षा लवकर लो घ्या.

बाकी, आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा मोकळा रस्ता नेमाने मिळणार असेल तर डिझेलचा विचार मी अजून सोडला नसता.

तेलपाणी
नेमाने, हा शब्द अधोरेखित करा.