कुमुद, कुमुदिनी की नुसतं कमळ?

वैनगंगाकाठ: गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावची जैवविविधता नोंदवही भरणं चालू आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावात संध्याकाळनंतर उमलून दुसऱ्या दिवशी उन्हं चढली की मिटणारं पांढरं-गुलाबी फूल आहे. पान तरंगतं, कडा दातेरी, एका बाजूला चीर, खालून लवदार. शास्त्रीय नाव निम्फिया प्युबेसेन्स. 'स्थानिक नाव' या रकान्यात मी कुमुदिनी लिहिलं. साताऱ्याकडचे एक सर म्हणाले, कुमुदिनी वेगळी. मग हिला काय म्हणायचं?

सह्यवाट: सर बरोबर आहेत. कासच्या कुमुदिनी तलावात आहे ती निम्फॉइडिस इंडिका. चिमुकलं पांढरं फूल, पाकळ्यांवर झालरीसारखे केस. कुळच निराळं.

पोथीशाळा: कासचं फूल दिवसा उमलतं! संस्कृतातलं कुमुद चंद्रविकासी, म्हणून तर चंद्र कुमुदबांधव. 'कु' म्हणजे पृथ्वी, तिच्यावर मोद पावतं ते कुमुद. शब्दावर पहिला हक्क तुमच्या तलावातल्या फुलाचा.

धानपट्टा: रकाना स्थानिक नावाचा आहे, संस्कृत नावाचा नाही. आमच्या अर्जुनी मोरगावकडे कुमुद म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. पोळ्याच्या दिवसांत शाळेत जाताना आम्ही हीच फुलं तोडायचो, दुपारपर्यंत मिटून जायची. आम्ही कमळच म्हणायचो. तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवर लोकांना विचारा, ते सांगतील ते लिहा.

पोथीशाळा: कमळाचं पान अखंड गोल, देठ मधोमध, पानं-फुलं पाण्याच्या वर उभी. हिचं फळ तर पाण्याखाली पिकतं. एकाच तलावात दोन्ही असली तर नोंदवही काय कामाची?

धानपट्टा: मग कमळपक्षी या पानांवरूनही चालतो, त्याला कुमुदपक्षी म्हणाल का? आणि नावाआधी तलाव पाहा. आमच्या तलावाचा गाळ जेसीबीनं सरसकट काढला, त्यात कंदही गेले. उरलेल्या काठावर बेशरम (काठावर माजणारं झुडूप) शिरली. उथळ, स्वच्छ काठ नसला तर ना कमळ, ना कुमुद.

यवतमाळी: बेशरम 'शिरली'? आमच्याकडे तो बेशरम.

धानपट्टा: पूर्व विदर्भात मी तरी 'ती' ऐकली. कांडी कुठंही फेका, फुटतेच, म्हणून ते नाव.

सह्यवाट: फूल गारवेलीसारखं, म्हणून 'ती' झाली असेल.

यवतमाळी: ती काही वेल नव्हे, झुडूप आहे. फार तर 'ते' म्हणा.