ब्रेट हार्ट म्हणजे फक्त मॉन्ट्रियल का?

उशिरा_आलेला:
मी ऑस्टिन आणि रॉकमुळे रेसलिंग बघायला लागलो, म्हणजे तोपर्यंत ब्रेट हार्ट डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) सोडून गेलेला. आता जुन्या मॅचेस शोधून बघतोय तर त्याच्याबद्दल जिथे तिथे एकच गोष्ट सापडते, १९९७ ची मॉन्ट्रियलची. शॉन मायकल्सने त्याच्यावरच शार्पशूटर (पाय अडकवून पाठ वाकवायची ब्रेटचीच पकड) लावला, ब्रेटने हार मानलीच नव्हती तरी कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहनने घंटा वाजवायला लावली, मग तो व्हिन्सच्या तोंडावर थुंकला. ठीक आहे, पण ही एका रात्रीची गोष्ट झाली. माणूस त्याआधी वीसेक वर्षं काय करत होता? माईकवर रॉकसारखा नाही, अंगाने होगनसारखा धिप्पाड नाही, तरी पाच वेळा चॅम्पियन झाला तो कशाच्या जोरावर? आणि नेमकं काय बघू ते सांगा.

गुलाबी_काळा:
प्रश्न बघूनच बरं वाटलं. सुरुवात त्याच्या घरापासून करावी लागते. कॅल्गरीत त्याचे वडील स्टू हार्ट स्टॅम्पीड रेसलिंग चालवायचे, बारा भावंडं, त्यात ब्रेट आठवा आणि ओवेन शेंडेफळ. घराच्या तळघरात मॅट टाकलेली खोली होती, तिला डंजनच म्हणायचे, आणि स्टू तिथे नव्या पोरांना खऱ्याखुऱ्या पकडीत धरून ओरडायला लावायचा. म्हणजे ब्रेटला आधी कळलं की पकड खरी लागली तर काय होतं, आणि मग तो समोरच्याला न दुखवता तीच पकड खरी वाटेल अशी लावायला शिकला. माझ्या मते त्याचं अख्खं करिअर या एका गोष्टीत आहे. आपल्या हातून समोरच्याला कधी मोठी दुखापत झाली नाही याचा त्याला चॅम्पियनशिपच्या बेल्टपेक्षा जास्त अभिमान आहे, हे तो कितीतरी मुलाखतींत बोललाय.

१९८४ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला, मग बरीच वर्षं जिम नाइडहार्टबरोबर टॅग टीम (जोडीने लढणं), नाव हार्ट फाउंडेशन. पहिलं वर्ल्ड टायटल थेट ऑक्टोबर १९९२ मध्ये, सॅस्कटूनला रिक फ्लेअरला हरवून, आणि तेही टीव्हीवर लाईव्ह नसलेल्या शोमध्ये. त्या काळात कंपनी सगळी अवाढव्य लोकांच्या मागे होती त्यामुळे त्याला एवढं थांबावं लागलं असं मला वाटतं.

बघायला सुरुवात समरस्लॅम १९९२ (कंपनीचा उन्हाळ्यातला मोठा शो) पासून कर. लंडनचं वेम्बली स्टेडियम, समोर डेव्ही बॉय स्मिथ म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. ब्रेटने नंतर सांगितलंय की मॅच सुरू झाल्यावर डेव्ही ठरवलेलं सगळं विसरून गेला आणि पुढचं एकेक पाऊल ब्रेट त्याला रिंगमध्येच हळूच सांगत राहिला. हे माहीत करून घेऊन ती मॅच परत बघ, कुठे शिवण दिसत नाही. आणि शेवटी ब्रेट हरतो, डेव्ही त्याच्या देशातल्या लोकांसमोर जिंकतो.

रिंगसाईड_रात्र:
वेम्बली बरोबरच आहे पण मी रेसलमेनिया १० (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) आधी सांगेन. मार्च १९९४, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पहिलीच मॅच ब्रेट विरुद्ध ओवेन आणि धाकटा भाऊ त्याला सरळ पिन करतो, म्हणजे तीन मोजेपर्यंत खांदे मॅटवर दाबून जिंकतो. त्याच रात्री ब्रेट योकोझुनाला हरवून चॅम्पियन होतो, सगळे त्याला खांद्यावर घेतात आणि ओवेन वाटेत उभा राहून नुसता बघत असतो. एक शब्द न बोलता पुढच्या कित्येक महिन्यांची स्टोरी तिथेच उभी राहिली.

आणि तू ऑस्टिनचा फॅन आहेस म्हणून रेसलमेनिया १३ तर बघच. ऑस्टिन शार्पशूटरमध्ये अडकलाय, चेहरा रक्ताने भरलाय, तो टॅप करत नाही (हार मानत नाही), बेशुद्ध पडतो. मॅच सुरू होताना ब्रेट हिरो होता आणि ऑस्टिन व्हिलन, संपताना उलटं, आणि पब्लिकला हे कोणी सांगावं लागलं नाही. ज्या ऑस्टिनमुळे तू बघायला लागलास तो ऑस्टिन घडला त्यात ब्रेटचा मोठा हात आहे.

सरळ_विचारतो:
मला एक कळत नाही. सगळं ठरलेलंच असतं ना, मग मॉन्ट्रियलमध्ये हरला असता तर काय बिघडलं असतं? कंपनी सोडून डब्ल्यूसीडब्ल्यूला, म्हणजे तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीत चाललेला, जाताना बेल्ट देऊन जायचं हा तर या धंद्यातला नियमच आहे. मला तरी तो त्याचा ईगो वाटतो.

गुलाबी_काळा:
ईगो होता, नाही म्हणणार नाही. पण हरायला नकार देणारा माणूस तो नव्हता हे वरच्याच मॅचेसमध्ये दिसतं, मेहुण्याकडून हरला, धाकट्या भावाकडून हरला, रेसलमेनिया १२ ला तासभराची आयर्न मॅन मॅच खेळून याच शॉन मायकल्सकडून हरला. ९७ मध्ये अडचण अशी की दोघांचं खरंच पटत नव्हतं, आणि ब्रेटच्या म्हणण्यानुसार शॉन त्याला तोंडावर म्हणाला होता की मी तुझ्यासाठी असं कधी हरणार नाही. त्यातून मॅच कॅनडात, जिथे ते वर्षभर तो देशाचा हिरो म्हणून उभा होता. दुसरं म्हणजे शेवटच्या ३० दिवसांत त्याच्या स्टोरीत काय होणार यात त्याला कॉन्ट्रॅक्टनेच शब्द दिलेला होता. तो बेल्ट सोडायला तयार होता, फक्त तिथे आणि शॉनकडे नाही. ठरलेलं असतं म्हणूनच तर दिलेल्या शब्दाला किंमत असते ना, तू तुझं शरीर समोरच्याच्या हातात देतोस, तो ठरल्याप्रमाणे वागेल या भरवशावर. तो भरवसाच मोडला म्हणून ते इतकं लागलं त्याला.

उशिरा_आलेला:
हे असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आणि डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये काय झालं मग?

रिंगसाईड_रात्र:
तिथे त्याचं काय करायचं हे त्यांना कधी कळलंच नाही, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. पण २३ मे १९९९ ला ओवेन गेला. कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनात त्याला छतावरून दोरीने खाली सोडणार होते, दोरीचा हुक सुटला, तो थेट रिंगमध्ये कोसळला. ३४ वर्षांचा होता. आणि शो पुढे चालू ठेवला. मला आजही ते लिहिताना राग येतो. ऑक्टोबरमध्ये ब्रेट त्याच अरीनात ओवेनच्या आठवणीत मॅच खेळला, ती शेवटी बघ, आधी नको.

डिसेंबरमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच्या स्टारकेड शोमध्ये गोल्डबर्गची किक डोक्यात बसली. कन्कशन. तरीही तो काही दिवस खेळत राहिला आणि ऑक्टोबर २००० मध्ये रिटायर झाला. इतकी वर्षं दुसऱ्यांची डोकी, माना सांभाळणारा माणूस एका बेसावध लाथेने संपला. गोल्डबर्गने मुद्दाम केलं नाही, ब्रेटही तसं म्हणत नाही, पण निष्काळजीपणा तो विसरलेला नाही आणि का विसरावा? २००२ मध्ये सायकलवरून पडला, स्ट्रोक आला, डावी बाजू गेली, व्हीलचेअरपासून परत चालण्यापर्यंत आला.

गुलाबी_काळा:
आणि ४ जानेवारी २०१० चा रॉ (डब्ल्यूडब्ल्यूईचा दर आठवड्याचा शो) राहिला. बारा वर्षांनी ब्रेट आणि शॉन एकाच रिंगमध्ये समोरासमोर, दोघांनी हात मिळवला, ब्रेट वळून निघाला तर शॉन सुपरकिक (त्याची ठरलेली हनुवटीवरची लाथ) मारायला पाय उचलतोय असं वाटतं, आणि मग दोघं मिठी मारतात. स्क्रिप्टमध्ये किती आणि मनातून किती ते त्यांनाच माहीत, पण ब्रेटने त्या वेळी शॉनकडे पाठ केली होती. वर भरवशाचं लिहिलं ना, ते डोक्यात ठेवून बघ.