छावा बघितल्यापासून मुलाचे प्रश्न संपत नाहीयेत, मदत हवी आहे
मंडळी, काल सगळे मिळून संभाजी महाराजांवरचा छावा सिनेमा बघून आलो, विकी कौशलचं काम जबरदस्तच, पण शेवटी छळाचा भाग सुरू झाला आणि माझ्या ९ वर्षांच्या मुलाने माझा हात जो घट्ट धरला तो थेट दिवे लागेपर्यंत सोडलाच नाही. थिएटरात कोणी जागचं उठेना, आई तर पदराने डोळे पुसत बसलेली. आता पोरगा सारखा विचारतोय, महाराज संगमेश्वरला पकडले गेले तेव्हा त्यांच्या पत्नी येसूबाई काय करत होत्या, मुलगा शाहू कुठे होते? १६८९ मध्ये शाहूराजे जेमतेम ६ वर्षांचे होते हे सांगितलं तर गप्पच झाला. त्याला स्वतः वाचता येईल असं सोपं पण खरं पुस्तक सुचवा ना. आणि महाराजांच्या बलिदानाच्या, समाधीच्या जागी, म्हणजे तुळापूर, वढू बुद्रुकला एवढ्यात नेऊ का थोडं थांबू? कोणी एवढ्या लहान मुलांना नेलंय का, प्लीज सांगा.