एम.बी.बी.एस.चे पहिले वर्ष आणि स्नेहसंमेलन: एकांकिकेत भाग घ्यावा का?

प्रश्न (प्रथम वर्षाची विद्यार्थिनी)

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून आले असून यंदा एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला आहे. फाउंडेशन कोर्स, ॲप्रन देण्याचा समारंभ आणि चरक शपथ हे सगळे आनंदात पार पडले. आता ॲनाटॉमीची (शरीररचनाशास्त्राची) पार्ट एंडिंग परीक्षा, म्हणजे एक भाग शिकवून झाल्यावर होणारी परीक्षा, तोंडावर आली आहे आणि तिच्या पाठोपाठ गॅदरिंग आहे. शाळेत मी नाटकांत कामे केली होती, हे कळल्यापासून एकांकिकेच्या गटातील सीनियर मला तालमीला बोलावत आहेत. मलाही मनापासून जावेसे वाटते. परंतु तालमी रात्री साडेआठला सुरू होऊन बाराच्या पुढे चालतात, आणि घरी विचारले तेव्हा बाबा एवढेच म्हणाले की, नीटसाठी दोन वर्षे घातली ती नाटकासाठी नव्हे. शिवाय होस्टेलमध्ये असे बोलले जाते की, जे गॅदरिंगमध्ये नसतात त्यांना पुढे कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षी यासाठी किती वेळ देणे योग्य ठरेल आणि नाही म्हटले तर खरोखर नुकसान होते का, याविषयी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (तृतीय वर्षाची विद्यार्थिनी)

तू जरूर भाग घे, पण एकाच कार्यक्रमात. एकांकिका, समूहनृत्य, ट्रॅडिशनल डेची सजावट आणि क्रिकेटच्या सामन्यांचे नियोजन अशा चार ठिकाणी नाव दिलेल्या मुलींची पहिल्या टर्ममध्ये किती ओढाताण होते, ते मी दरवर्षी पाहते. तालमीला होकार देण्यापूर्वी गटातील सीनियरांना पार्ट एंडिंगची तारीख सांग आणि त्याआधीचा आठवडा मोकळा मागून घे. तेही याच परीक्षांतून गेलेले असल्यामुळे समंजस गट हे सहज मान्य करतो, आणि जो गट मान्य करत नाही त्यात जाऊच नये. फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीच्या जर्नलवरील (प्रयोगवहीवरील) सह्या मात्र त्या त्या आठवड्यात घेऊन टाक, कारण गॅदरिंगनंतर विभागाबाहेर जर्नल घेऊन उभ्या असलेल्या मुलांची रांग लागते आणि तोपर्यंत कोणता प्रयोग कधी केला हेही आठवत नाही.

आता नुकसानीविषयी. कार्यक्रमात नसलेल्यांना कोणी वाळीत टाकत नाही. तरीही एक फरक पडतो, तो सांगते. डिसेक्शन हॉलमध्ये (शवविच्छेदन कक्षात) आपल्या टेबलावरच्या मुलामुलींशीच ओळख होते आणि सीनियरांशी बोलायचे निमित्त मिळत नाही. मला हाडांचा संच आणि ॲनाटॉमीची खुणा केलेली पुस्तके मिळाली ती पडदे ओढणाऱ्या गटातील एका ताईकडून, आणि व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री फीमर म्हणजे मांडीचे हाड हातात देऊन, त्याची बाजू उजवी की डावी हे कसे ओळखायचे हे तिनेच मला पुन्हा पुन्हा विचारून पक्के करून घेतले. अशी माणसे ग्रंथालयातही भेटतात, पण तिथे वेळ लागतो.

उत्तर २ (शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक)

विद्यार्थिनीने नियमांची बाजू नीट समजून घ्यावी असे मला वाटते. परीक्षेला बसण्यासाठी थिअरीला 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के उपस्थिती आवश्यक असते. रात्री एकपर्यंत तालीम करून सकाळचे लेक्चर बुडवणारे विद्यार्थी वर्षअखेरीस ज्या अडचणीत सापडतात, तिची सुरुवात याच महिन्यात झालेली असते. पहिले वर्ष तीन मोठ्या विषयांचे असून ते साधारण बारा-तेरा महिन्यांत संपते. पुरवणी परीक्षेतही अपयश आले तर विद्यार्थी आपल्या बॅचमधून मागे पडतो, आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी एकूण चारच संधी मिळतात. म्हणून पहिल्या वर्षी रंगमंचामागचे काम स्वीकारावे आणि भूमिका दुसऱ्या वर्षासाठी ठेवावी, असा माझा सल्ला आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तालमीच्या नावाखाली कोणी रात्रभर उभे करत असेल, अपमानास्पद काही करायला लावत असेल किंवा नकार दिल्यावर धमकावत असेल, तर ते रॅगिंगच आहे. महाराष्ट्रात त्यासाठी 1999 पासून स्वतंत्र कायदा असून दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा 1800-180-5522 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तुमच्या बाबतीत तसे काही घडत असल्याचे दिसत नाही, तरी हा क्रमांक जवळ असावा.

उत्तर ३ (बालरोगतज्ज्ञ, पुणे)

सरांचे उपस्थितीविषयीचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, मात्र भूमिका पुढच्या वर्षावर ढकलण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डातील पोस्टिंग सुरू होतात, पुढे विषय वाढत जातात आणि इंटर्नशिपमध्ये तर संध्याकाळ आपली राहतच नाही. एकांकिकेसाठी सलग तीन आठवड्यांच्या संध्याकाळी जितक्या सहज पहिल्या वर्षी मिळतात, तितक्या पुढे मिळत नाहीत.

आपल्या वडिलांना माझ्या वतीने एवढे अवश्य सांगा की, आमच्या पुण्यात वैद्यकीय शिक्षण आणि नाटक यांचे नाते फार जुने आहे. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे तिघेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पटेलांनी दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि आगाशे मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. अभ्यास बुडवून नाटक करावे असे यातून कोणी काढू नये, कारण या तिघांनीही डॉक्टरकीचे शिक्षण पूर्ण केले होते. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा 1963 साली सुरू झाली, आणि अभियांत्रिकी व कला शाखेच्या संघांबरोबर वैद्यकीयचे विद्यार्थीही त्या स्पर्धेत उतरत आले आहेत. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे आणि समोरच्याचे वाक्य पूर्ण ऐकून मगच आपले बोलणे, हे तालमीत शिकलेला विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागात घाबरलेल्या आईशी बोलताना लगेच ओळखू येतो. मी अशा इंटर्नना आवर्जून माझ्या ओपीडीत बसवतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परीक्षा होईपर्यंत फक्त संहितेचे वाचन आणि त्यानंतर तालीम, असे मी आज गटाला सांगितले व ते त्यांनी मान्य केले. एक शंका राहिली आहे. गॅदरिंगची वर्गणी प्रथम वर्षाकडून जास्त घेतली जाते आणि ती रोखीने मागितली जात आहे. माझी मेसची रक्कमही घरून हप्त्याने येते.

उत्तर ४ (तृतीय वर्षाची विद्यार्थिनी)

पावतीशिवाय रोख रक्कम देऊ नकोस. तुमच्या सी.आर.ला (वर्ग प्रतिनिधीला) सोबत घेऊन जी.एस.ला (विद्यार्थी परिषदेच्या सरचिटणीसाला) भेट आणि हप्ते मागून घे. बहुतेक ठिकाणी अडचण सांगितल्यावर वर्गणी कमी होते किंवा माफही होते. तिथे दाद मिळाली नाही तर विद्यार्थी परिषदेचे काम पाहणाऱ्या शिक्षकांकडे लेखी अर्ज दे. या कारणावरून एकांकिकेतून नाव काढून घेऊ नकोस.